रणधुमाळीतले हसवणारे शिलेदार

लढाईच्या गोष्टीत हसण्याला जागा नसते, असं कुणी म्हणालं तर त्याला घाटकोपरच्या चिरागनगरचा पत्ता द्या. स्टालिनग्राडच्या लढाईवर मराठीत पोवाडा रचणारे, ‘फकिरा’सारखी झुंजार कादंबरी लिहिणारे आणि सोंगाड्याच्या तोंडून सावकार-पुढाऱ्यांची भंबेरी उडवणारे अण्णाभाऊ साठे इथेच राहिले. वीररस आणि हास्यरस एकाच झोपडीत, एकाच लेखणीत सुखाने नांदले. आपल्याकडे हे नवीन नाही. महाभारतापासून मल्टिप्लेक्सपर्यंत प्रत्येक लढाईच्या गोष्टीत एक तरी हसवणारा गडी असतो आणि बहुतेक वेळा सगळ्यांत खरं तोच बोलतो. अशाच काही गड्यांची ही हजेरी.

चिरागनगरचा शाहीर, स्टालिनग्राडची लढाई

वाटेगावचे तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णाभाऊ. शाळा जेमतेम दीड दिवसाची. लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत मुंबई गाठली, गिरणीत काम केलं. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना त्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. वारणाकाठच्या माणसाने व्होल्गाकाठची लढाई मुंबईच्या कामगारांसमोर डफावर उभी केली! पुढे १९६१ साली ते रशियाला गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. त्याच वर्षी ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा अर्धपुतळाही बसला.

आणि याच माणसाच्या लोकनाट्यांची नावं पाहा: ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘बिलंदर बुडवे’. पडदा उघडण्याआधीच हसू फुटावं अशी. ज्या वस्तीत राहिले तिचं नावही त्यांनी एका कथासंग्रहाला दिलं: ‘चिरागनगरची भुतं’.

बंदी तमाशावर, सोंगाड्या मात्र मोकळा

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. तेव्हा अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तोच खेळ ‘लोकनाट्य’ म्हणून उभा केला. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं. गवळण गेली. सोंगाड्याला मात्र कुणी हात लावला नाही. लढ्याचा खेळ असला तरी प्रेक्षक दोन तास खिळून राहायला हवा आणि ते काम नुसत्या घोषणांनी होत नाही, हे या तिघांना पक्कं माहीत होतं. सोंगाड्या हसवतो, लोक सैलावतात, आणि मग मुद्दा थेट आत उतरतो.

एकाच डफावर खर्डा आणि फटका

हे कसब अण्णाभाऊंच्या आधीही होतं. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) घ्या. मराठ्यांनी १७९५ साली खर्ड्याला निजामाचा पराभव केला, त्या लढाईचा पोवाडा त्यांनी रचला. पण मराठी माणसाला फंदी जास्त ठाऊक आहेत ते त्यांच्या फटक्यांसाठी. संसारी माणसाचे कान पिळणारा, खट्याळ आणि रोखठोक फटका. पेशवाईतला शाहीर सकाळी रणांगण गाई आणि रात्री तमाशाच्या फडात हशा पिकवी. दोन्हींचे श्रोते तेच होते.

आधी पळाला, मग उभा राहिला

मराठी घरात दसऱ्याला शमीच्या झाडाची गोष्ट सांगितली जाते. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं शमीवर लपवली होती, हे सगळ्यांना माहीत. पण ती खाली काढायला झाडावर चढलं कोण? विराटाचा मुलगा, राजपुत्र उत्तर. आणि तो महाभारतातला पहिल्या नंबरचा बढाईखोर!

कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या. राजा दुसऱ्या आघाडीवर गेलेला. उत्तर अंतःपुरात बायकांसमोर छाती फुगवून सांगतो, चांगला सारथी मिळाला असता तर एकट्याने कौरवांचा फडशा पाडला असता. सारथी मिळतो: बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन. बहीण उत्तरा भावाला सांगते, हरलेल्या कौरवांची रंगीत वस्त्रं माझ्या बाहुल्यांसाठी घेऊन ये. आणि समोर कौरवसेना दिसताच हा वीर रथातून उडी टाकून धूम ठोकतो. मागे वेणी उडवत धावणारा स्त्रीवेषातला अर्जुन. ते दृश्य पाहून शत्रूचे सैनिकसुद्धा हसतात.

गंमत इथे संपत नाही. अर्जुन त्याला पकडतो, धीर देतो आणि स्वतः लढतो. उत्तर त्याचा सारथी होतो आणि घोड्यांचे लगाम घट्ट धरून बसतो. पुढे कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी तो शल्याशी लढताना मारला जातो. पळपुटा म्हणून ज्याला हसलो तोच पोरगा वीरमरण पत्करतो. भीती वाटणं आणि भित्रा असणं यातला फरक व्यासांनी हसवत शिकवला. एकनाथांचे नातू मुक्तेश्वर यांनी विराटपर्व मराठीत आणलं, तेव्हापासून हा उत्तर आपल्या घरचाच झाला.

लंका जळते आणि मंडप हसतो

रामकथेतलं युद्ध भीषण, पण तिथेही विसाव्याच्या जागा आहेत. कुंभकर्णाला उठवण्याचा प्रसंग आठवा. ढोल वाजवा, हत्ती अंगावरून चालवा, हा घोरतोच आहे. राज्य बुडायची वेळ आली आणि हुकमी एक्का झोपलेला! मारुतीच्या शेपटीला गुंडाळायला लंकेतली वस्त्रं अपुरी पडतात आणि आग विझवायला गेलेल्या रावणाच्याच दाढीमिशा जळतात, हा तर मराठी कीर्तनकारांचा लाडका प्रसंग. त्यावर मंडपात अजूनही हमखास हशा येतो.

जाता जाता एक नोंद: एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’तलं युद्धकांड ४४ व्या अध्यायापर्यंत नाथांचं. पुढचं त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केलं. म्हणजे मराठीतल्या या मोठ्या युद्धाची अखेर गुरूची नाही, शिष्याची आहे.

रणांगणावर जेवायला आलेलं जोडपं

भट्टनारायणाचं ‘वेणीसंहार’ हे संस्कृतातलं गाजलेलं युद्धनाटक. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १९व्या शतकात ते मराठीत आणलं. नाटकात विदूषक नाही. त्याऐवजी तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला येतं एक राक्षस जोडपं: रुधिरप्रिय आणि वसागंधा. कुरुक्षेत्रावर रोज मेजवानी असल्यामुळे दोघं खुशीत. नवरा-बायकोचा लाडिक संवाद चाललाय आणि विषय आहे रक्त-मांसाचा साठा!

प्रेक्षक आधी हसतो आणि लगेच शहारतो. महारथींची प्रतिज्ञा, धर्म, सूड या सगळ्याचा हिशेब शेवटी कुणाच्या पोटात जातो, हे त्या दोघांनी दोन मिनिटांत दाखवलेलं असतं. आजकाल ज्याला ब्लॅक कॉमेडी म्हणतात ती आपल्याकडे हजार वर्षांहून जुनी आहे, ती अशी.

मालवणीत बोलणारा असुर

तळकोकणातल्या दशावतारात हसवण्याचा मान कुणाला? संकासुराला! काळा वेष, चित्रविचित्र रूप, तोंडात अस्सल मालवणी. याने ब्रह्मदेवाचे वेद चोरले, म्हणून विष्णूशी याचं युद्ध होणार आणि हा मरणार, हे प्रत्येकाला ठाऊक. तरी पोरं याचीच वाट पाहत जागी असतात. तो समोरच्या गावकऱ्यांशी गप्पा मारतो, चिमटे काढतो, फिरक्या घेतो. शत्रूच जिथे सगळ्यांत मजेशीर, अशी ही युद्धकथा. देव जिंकतो, पण टाळ्या संकासुरही घेऊन जातो. कोकणी माणूस मुंबईत आला आणि उपनगरांतल्या जत्रांपर्यंत, मैदानांपर्यंत दशावतारही आला. कधी संधी मिळाली तर सुरुवात चुकवू नका.

अललल डुर्रर्र!

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याची ही आठवण. त्या पौराणिक नाटकांत सूत्रधाराशी चेष्टा करायला विदूषक असे आणि लढाईला राक्षस. राळेचे भपकारे उडवत, तलवारी आपटत, ‘अललल डुर्रर्र’ अशी आरोळी ठोकत राक्षस येत. लहान पोरं आईच्या पदराआड आणि मोठी माणसं खूश. पुढे या नाटकांना ‘अललडुर्र’ छापाची नाटकं असंच म्हटलं जाऊ लागलं. मराठी रंगभूमीवरची लढाई जन्मापासूनच अर्धी भीतीची आणि अर्धी गमतीची आहे.

सेनापती गरीब, भित्रा श्रीमंत

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ रंगमंचावर आलं १९११ साली. नायक धैर्यधर हा सेनापती, शूर पण खिशाने रिकामा. नायिका भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात त्याला नाकारते. मग वनमाला बनून त्याच्याच छावणीत जाते आणि शौर्याची किंमत तिला कळते. हे कळावं म्हणून खाडिलकरांनी समोर उभा केला लक्ष्मीधर: अंगावर दागिने, तोंडात बढाया आणि पोटात गोळा. प्रेक्षक त्याला पोट धरून हसायचे आणि हसता हसता धैर्यधराच्या बाजूला जायचे. सेनापतीच्या पराक्रमाचं वजन मोजायला हा भित्रा माणूस लागतो.

या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची एक गोष्ट मात्र हेलावून सोडते. १२ मार्च १९११, मुंबई. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले आणि प्रयोग पार पडला. हसवणाऱ्या खेळामागे काय दडलेलं असतं, हे समोरच्या खुर्चीवरून दिसत नाही.

कमरेला तलवार नाही, कलमदान!

राम गणेश गडकऱ्यांचं ‘राजसंन्यास’ हे संभाजीराजांच्या जीवनावरचं नाटक. विषय जीवघेणा, भाषा धगधगती. त्यातही गडकऱ्यांनी एक पात्र घातलंच: जिवाजी कलमदाने. तलवारीच्या जगातला कारकून. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गडकरी गेले, तेव्हा वय अवघं ३३ आणि नाटक अपुरं. ‘बाळकराम’ या टोपणनावाने महाराष्ट्राला हसवणारा लेखक शोकांतिका लिहितानाही विनोद बाजूला ठेवत नाही, कारण दरबारात सगळेच काही वीर नसतात. लढाईच्या काळातही कुणी हिशेब लिहीत असतो, कुणी पोट सांभाळत असतो, कुणी वारा कुठून येतोय ते बघत असतो.

दक्षिणेसाठी निघाले, बंडात सापडले

ही कादंबरी नाही, पण कादंबरीला मागे टाकेल अशी खरी हकीकत आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरी कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. वर्ष १८५७! महूजवळ शिपायांनी बजावलं, बंड उठणार आहे, मागे फिरा. हे पुढेच गेले. मग झाशीचा वेढा, लूट, पळापळ. मिळालेली दक्षिणा हाती आली आणि गेली. अखेर घरी परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन.

‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक १९०७ साली भारताचार्य चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केलं. त्यातला विनोद मुद्दाम केलेला नाही. तोफा धडधडताहेत आणि भटजींना सोवळ्याची, जेवणाची, पुढच्या मुक्कामाची काळजी. इतिहासाच्या पुस्तकात राणी आणि सेनापती भेटतात. युद्धात चुकून सापडलेला तुमच्याआमच्यासारखा माणूस इथे भेटतो. हसू येतं आणि त्याच्यावर जीवही जडतो.

नगरला जन्मला, हिटलरशी लढला

इंग्रजीतला युद्धविनोद म्हटलं की दोन नावं महाराष्ट्रातून जातात. पहिलं रुडयार्ड किपलिंग. जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला. १८८८ साली त्याचं ‘सोल्जर्स थ्री’ आलं. मल्व्हेनी, ऑर्थरिस आणि लिअरॉइड हे तीन गोरे शिपाई: थापा मारणारे, दारू पिणारे, साहेबाच्या नजरेआड नाना उद्योग करणारे.

दुसरं नाव स्पाइक मिलिगन. जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. वडील फौजेत, बालपणाचा काही काळ पुण्यात. दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यातून उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढला, इटलीत जखमी झाला. पुढे बीबीसीच्या ‘द गून शो’मधून त्याने इंग्रजी विनोदाची चालच बदलली. १९७१ पासून त्याने युद्धाच्या आठवणी लिहिल्या, एकूण सात भाग. पहिल्या भागाचं नावच ‘अ‍ॅडॉल्फ हिटलर: माय पार्ट इन हिज डाउनफॉल’. हिटलरच्या पाडावात एका साध्या तोफचीचा वाटा!

पण हा विनोद फुकटचा नव्हता. जखमेनंतर मनावर झालेल्या आघाताने मिलिगनला पुढे आयुष्यभर छळलं. इटलीच्या त्याच आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान लढत होते. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये तिथेच प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका आघाडीवरून एकाची शौर्यगाथा आली, दुसऱ्याचं हसू आलं. दोन्ही खरं.

घाटकोपरवरून जाणारी गाडी आणि देवळालीचं नाट्यपथक

घाटकोपर स्टेशनवरून धडधडत जाणाऱ्या नाशिककडच्या गाड्या देवळालीवरून जातात. तिथली लष्करी छावणी आणि तोफखाना सगळ्यांना माहीत. पण ही देवळाली ब्रिटिश टीव्हीवर घराघरांत पोचली ती एका विनोदी मालिकेमुळे. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४–१९८१), एकूण ५६ भाग. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी देवळालीच्या छावणीत सैनिकांची करमणूक करणारं एक नाट्यपथक, त्यांना आघाडीवर पाठवायला टपलेला सार्जंट मेजर आणि कसंही करून स्टेजवरच राहायची धडपड करणारे पोरगे.

लेखक जिमी पेरी यांनी स्वतः देवळालीच्या अशाच पथकात काम केलं होतं. चित्रीकरण मात्र इंग्लंडमध्येच झालं. रंगी राम या भारतीय नोकराची भूमिका मायकल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली आणि त्यावर पुढे रास्त टीका झाली. विनोद कुणाच्या जिवावर चाललाय हे पाहणंही आपलंच काम आहे.

परदेशी पाहुणे, झटपट

• चेक लेखक यारोस्लाव हाशेक पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या बाजूने लढला आणि रशियाच्या कैदेत पडला. त्याच्या ‘श्वाइक’ या शिपायाने हुकूम इतक्या भाबडेपणाने पाळले की अख्खी फौज गोत्यात आली. १९२३ साली हाशेक गेला आणि श्वाइक अपुरा राहिला. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’सारखाच.

• जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’ (१९६१) या कादंबरीचं नाव आधी ‘कॅच-१८’ होतं. त्याच वर्षी लिऑन युरिसची ‘मिला १८’ येत होती, म्हणून आकडा बदलला. वेडा असेल त्यालाच हवाई मोहिमांतून सुट्टी, पण सुट्टी मागितली म्हणजे शहाणा ठरला, हा तो पेच. हेलरने स्वतः ६० हवाई मोहिमा केल्या होत्या.

• चार्ली चॅप्लिन आणि हिटलर यांचा जन्म चार दिवसांच्या अंतराने झाला, एप्रिल १८८९ मध्ये. १९४० साली, युद्ध पेटलेलं असताना, चॅप्लिनने ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये त्याचं सोंग वठवलं.

• कोरियातलं युद्ध तीन वर्षं चाललं. त्यावरची अमेरिकन विनोदी मालिका ‘मॅश’ अकरा वर्षं! २८ फेब्रुवारी १९८३ चा शेवटचा भाग दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला.

दारुड्या न्यायाधीश मराठी बोलतो

बर्टोल्ट ब्रेख्त हिटलरच्या भीतीने देशोधडीला लागलेला लेखक. त्याच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’मध्ये यादवीच्या धुमाळीत अझडाक नावाचा एक अवली माणूस चुकून न्यायाधीश होतो. लाच घेतो, दारू पितो आणि तरीही बरोबर न्याय देतो. चिं. त्र्यं. खानोलकर यांनी हे नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत आणलं आणि विजया मेहता यांनी ते लोककलांच्या अंगाने बसवलं. जर्मन नाटकातला अझडाक मराठी मातीत लगेच रुजला, कारण आपल्याकडे सोंगाड्याची जागा आधीपासून तयार होती.

ट्टॉक!

मुलांच्या युद्धकथेत विनोद हवाच. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजेच फुरसुंगीचा फास्टर फेणे, हा अंगाने काडीपैलवान. आनंद झाला, युक्ती सुचली की तोंडाने ‘ट्टॉक’ करणार. सायकलवरून पुण्यात भटकणाऱ्या या पोराला भागवतांनी थेट रणांगणावरही पोचवलं. किती पिढ्यांना सैन्य, सीमा आणि जवान हे शब्द पहिल्यांदा भेटले ते त्या ‘ट्टॉक’सोबत. भीतीची गोष्ट मुलांना भीती न घालता कशी सांगावी, हे भागवतांकडून शिकावं.

हेराचं सोंग आणि यमाची धावपळ

शिवकाळावरच्या चित्रपटांत हसू आणण्याची जबाबदारी बहुधा बहिर्जी नाईकांकडे येते, कारण हेराला सोंग घ्यावंच लागतं. भालजी पेंढारकरांनी १९४३ सालीच ‘बहिर्जी नाईक’ हा चित्रपट काढला. २०१८ च्या ‘फर्जंद’मध्ये प्रसाद ओक बहिर्जी झाले. १६७३ साली कोंडाजी फर्जंदांनी ६० मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला, त्या पराक्रमाची ही गोष्ट. गडावर चढाई होण्याआधी कुणीतरी वेष पालटून आत शिरतो, शत्रूला बोलण्यात गुंतवतो, थिएटरात हशा होतो. आणि तिथेच अर्धी लढाई जिंकलेली असते.

रंगभूमीवर याहून धाडसी प्रयोग झाला २०१२ साली: ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. लेखक राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, संकल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची, नट जालना जिल्ह्यातले शेतकरी. शिवाजी महाराजांना नेलं, पण त्यांचे विचार मागेच राहिले म्हणून यमाची पृथ्वीवर होणारी धावपळ पाहताना प्रेक्षक हसून बेजार होतात. तलवार आणि जयजयकार यांपलीकडचा रयतेचा राजा त्या हसण्यातून समोर येतो. अण्णाभाऊंच्या लोकनाट्याचा हा सरळ वारसा आहे.

मग या गड्यांचं काम तरी काय?

तीन कामं ठळक दिसतात. पहिलं, दम घ्यायला जागा देणं. सलग रक्तपात कुणाला सोसत नाही. मधे हसायला मिळालं तर पुढचा मृत्यू जास्त लागतो. दुसरं, वीराला माणसांत ठेवणं. लक्ष्मीधर नसता तर धैर्यधराचं धैर्य नुसतं नावापुरतं उरलं असतं. तिसरं आणि सगळ्यांत मोलाचं, जे कुणी बोलत नाही ते बोलणं. सेनापती भीती कबूल करत नाही, उत्तर करतो. राजे युद्धाची किंमत सांगत नाहीत, रुधिरप्रिय आणि वसागंधा सांगतात.

म्हणून युद्धकथेतल्या विनोदाला ‘मधला टाइमपास’ समजणं मला मुळीच मान्य नाही. ज्या लढाईच्या गोष्टीत एकही माणूस घाबरत नाही, चुकत नाही, हसत नाही, ती गोष्ट युद्धाबद्दल पुरतं खरं सांगत नाही. तिच्यात मरणारा माणूस नसतो, नुसता आकडा असतो. आणि आकड्यांसाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

मराठी वाचकांना एकच आग्रह. येत्या दसऱ्याला घरातल्या मुलांना शमीची गोष्ट सांगाल, तेव्हा उत्तर पळून गेला तिथे थांबू नका. पोरं पोटभर हसली की तो परत कसा आला आणि पुढे कसा लढला, तेही सांगा.